उरलेल्या लोकरीचं फडकं पाणी का टिपत नाही, आणि मग विणावं काय?

प्रश्न थोडक्यात असा: क्रोशाच्या सुईने साखळी, मुका खांब (आखूड टाका) आणि खांब (उंच टाका) एवढं जमतं. घरात उरलेल्या लोकरीतून ओटा पुसायला फडकं विणलं, पण ते पाणी टिपण्याऐवजी नुसतं पसरवतं. शिवाय चौकोन म्हणून घेतलेला तुकडा वर जाताजाता निमुळता झाला. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये रोज वापरता येतील अशा सोप्या वस्तू कोणत्या, त्यांना दोरा कुठला घ्यायचा आणि किती आणायचा?

फडकं पाणी टिपत नाही याला तुमची वीण कारण नाही, दोरा कारण आहे. लोकर म्हणून आपण जे गुंडे आणतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा. त्याचा तंतू स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. टाक्यांच्या फटींत अडकेल तेवढंच पाणी धरतो आणि दाबलं की सोडून देतो. स्वेटरला हे चालतं, फडक्याला नाही. सुताचं उलट आहे. कापसाचा तंतू पाणी आत घेतो, आणि ओला झाला की कोरड्यापेक्षा थोडा मजबूतच होतो. रोज पिळल्या जाणाऱ्या वस्तूला याहून चांगला गुण नाही. बांबू म्हणून जो मऊ, सुळसुळीत दोरा मिळतो तो बहुधा व्हिस्कोज, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला धागा असतो. तो पाणी छान पितो, पण ओला असताना कमकुवत होतो आणि लोंबतो. अंगाला लावायच्या छोट्या वस्तूंना ठीक, पिळायच्या फडक्याला नको.

म्हणून विणायच्या आधी एकच गोष्ट ठरवायची: या वस्तूला पाण्याशी झगडायचंय, उष्णतेशी, की घासायचंय? ते ठरलं की दोरा ठरतो, दोऱ्यावरून वीण ठरते. नमुना सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आधी नमुन्याचा फोटो आवडून घेतात आणि मग घरात असलेल्या दोऱ्यात तो बसवतात, तिथेच गाडी घसरते. जाळीदार, फुलाफुलांचं फडकं फोटोत सुंदर दिसतं. प्रत्यक्षात काट्याचमच्याची टोकं त्याच्या भोकांत अडकतात आणि आठवड्याभरात दोरे ओढले जातात.

सुती दोऱ्यातही दोन जाती आहेत. एक साधा, थोडा फुसफुशीत, चमक नसलेला. दुसरा मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1850 साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, त्यावरून हे नाव पडलं. तो दोरा चकचकीत असतो, रंग छान धरतो, पण गुळगुळीत आणि घट्ट पिळाचा असल्यामुळे टिपायला सावकाश. टेबलावरच्या शोभेच्या कामाला तो घ्या. पुसायच्या, टिपायच्या वस्तूंना साधा सुती दोरा. मध्यम जाडीचा, म्हणजे ज्याच्या लेबलावर 4.5 ते 5 मिमीची सुई लिहिलेली असते असा दोरा या सगळ्या वस्तूंना पुरतो. सुरुवातीला सुई 5 मिमीची आणि 4 मिमीची, एवढ्या दोनच घ्या.

घरात लेबल हरवलेले गुंडे असतील तर जाळून बघायचं. बोटभर तुकडा कापा, चिमट्यात धरा, सिंकवर किंवा स्टीलच्या ताटलीवर धरून टोक पेटवा. सूत पटकन पेटतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, बोटांनी चुरता येते अशी. ॲक्रिलिक, पॉलिएस्टर, नायलॉन हे आधी आक्रसतात, वितळतात आणि थंड झाल्यावर टोकाशी कडक मणी तयार होतो. खरी मेंढीची लोकर नाइलाजाने जळते, जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की विझते. मिश्र दोऱ्यात राखेत बारीक कडक कण लागतात. असा दोरा गरम भांड्याच्या जवळ न्यायचा नाही. उष्णतेच्या वस्तूंबाबत माझा हा एकच हट्ट आहे, आणि त्यात मी सवलत देत नाही. वितळलेला कृत्रिम धागा कातडीला चिकटतो. सूत फार तर करपतं.

आता पहिली वस्तू. तुमचं बिघडलेलं फडकंच पुन्हा, पण सुती दोऱ्यात आणि वेगळ्या विणीत. खांबाखांबाचं फडकं विरळ होतं. नुसत्या मुक्या खांबाचं पुठ्ठ्यासारखं कडक होतं. या दोन्हींच्या मधली एक वीण आहे, एक मुका खांब आणि एक साखळी अशी आळीपाळीची. तिला मॉस स्टिच म्हणतात. लवचीक, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि चुकली तर लगेच डोळ्याला दिसते.

5 मिमी सुईने 30 साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत एक मुका खांब. मग एक साखळी, खालची एक साखळी सोडून पुढच्या साखळीत मुका खांब, असं शेवटापर्यंत. शेवटच्या साखळीत मुका खांब यायला हवा. नाही आला तर साखळ्या मोजायला चुकल्या आहेत. पहिल्या ओळीत मुके खांब 14 होतात. आता वळा, 2 साखळ्या घाला, आणि यापुढे टाक्याच्या डोक्यात, म्हणजे वरच्या दोन फाशांत, सुई घालायचीच नाही. मागच्या ओळीत दोन मुक्या खांबांच्या मध्ये जी साखळी आहे तिच्या खालच्या भोकात सुई घालून मुका खांब, मग एक साखळी, मग पुढच्या भोकात मुका खांब. ओळीचा शेवटचा मुका खांब कडेच्या वळणाच्या साखळ्यांनी झालेल्या भोकात. हीच ओळ शेवटपर्यंत.

तुमचा चौकोन निमुळता का झाला, याचं उत्तर त्या कडेच्या भोकात आहे. ओळीच्या शेवटी वळणाच्या साखळ्या आखडून बसतात, टाका आहे असं वाटतच नाही, आणि दर ओळीला एक टाका निसटतो. खांबाच्या कामात तर हे फारच होतं: सुरुवातीच्या 3 साखळ्या पहिला खांब म्हणून धरायच्या असतात, म्हणजे पुढच्या ओळीचा शेवटचा खांब त्या 3 साखळ्यांच्या डोक्यात यायला हवा. तिथे एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा. दर ओळीला पिन काढायची, टाका घालायचा, नव्या वळणात पिन परत लावायची. सवय झाली की पिनची गरज आपोआप संपते. आणि पहिल्या दहा ओळी तरी दर ओळीनंतर टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण दहा ओळी उसवण्याइतकं नाही.

चौकोन झाला की नाही हे टेपने मोजत बसू नका. तुकडा कोपऱ्यातून तिरका दुमडा. वरची कड बाजूच्या कडेवर बरोबर बसली की थांबा. वरच्या सांगण्याने साधारण 20 सेंटीमीटरचं फडकं होतं. हात घट्ट असेल तर थोडं कमी. फडक्याला हा फरक चालतो. क्रोशाची सुरुवात फडक्याने करावी असं मी सांगते ते याचसाठी. मापात बसावं लागत नाही, आणि वाकडं झालं तरी ओटा पुसतंच.

खालची कड आवळलेली आणि वरची सैल दिसत असेल तर कारण पहिली साखळी. साखळी घालताना हात आपोआप घट्ट होतो. फक्त साखळीपुरती अर्ध्या मिमीने मोठी सुई घ्या, किंवा साखळी घालताना प्रत्येक फास सुईच्या जाड भागावर पूर्ण चढू द्या, निमुळत्या गळ्यावर आवळू नका.

जरा जाड, जास्त पाणी पिणारं फडकं हवं असेल, हात पुसायला किंवा धुतलेली भांडी उपडी ठेवायला, तर वॅफलची वीण. उभ्याआडव्या उंचवट्यांचे चौकोन आणि मध्ये खळगे. तिला नवा टाका शिकावा लागत नाही, फक्त खांब वेगळ्या जागी घालायचा. 32 साखळ्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, आणि मग प्रत्येकीत एक. सुरुवातीच्या साखळ्यांचा धरून 30 खांब होतील. एकूण संख्येला 3 ने भाग जायला हवा, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही मापाचं करता येतं. दुसऱ्या ओळीला 2 साखळ्या घाला, त्या पहिला टाका धरा. आता पुढचा खांब डोक्यात नाही, मागच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेभोवती: सुई समोरून आत, खांबाच्या मागून, पुन्हा समोर बाहेर, आणि तिथून दोरा ओढून खांब पूर्ण करायचा. मग दोन खांब नेहमीसारखे डोक्यात. पुन्हा एक कमरेभोवती, दोन डोक्यात. ओळ संपताना एक कमरेभोवती आणि कडेचा शेवटचा साधा. तिसऱ्या ओळीला वळल्यावर उलट: जो कमरेभोवतीचा होता त्याच्या डोक्यात साधा खांब, आणि जे दोन साधे होते त्या दोघांच्या कमरेभोवती समोरून एकेक. या दोन ओळी आलटूनपालटून. चार ओळी होईपर्यंत काहीच दिसत नाही, म्हणून लोक इथेच सोडून देतात. सहाव्या ओळीपर्यंत जा.

वॅफलला दोरा सपाट विणीच्या जवळजवळ दीडपट लागतो आणि वाळायलाही वेळ लागतो. ओटा पुसायच्या रोजच्या फडक्याला ती मी वापरत नाही. जाड फडकं ओलं राहतं, ओलं राहिलं की वास धरतं. पुसायचं फडकं पातळ आणि लवकर वाळणारं, टिपायचं फडकं जाड.

गरम भांडी धरायचं पॉटहोल्डर ही दुसरी वस्तू, आणि माझ्या मते या यादीतली सगळ्यात गमतीची. एकच टाका, मुका खांब. वाढ नाही, घट नाही, वळायचं नाही. तरीही शेवटी दुहेरी जाडीचा नेटका चौकोन मिळतो.

5 मिमी सुईवर 37 साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून प्रत्येकीत एक मुका खांब, 36 होतील. टोकाला पोचल्यावर तुकडा उलटायचा नाही, नुसता फिरवायचा, आणि त्याच साखळीच्या दुसऱ्या कडेत परत 36 मुके खांब घालत सुरुवातीला यायचं. आता फेरी जोडायची नाही. पहिल्या मुक्या खांबाच्या डोक्यात पुढचा मुका खांब, आणि असंच गोल गोल, गोगलगायीच्या शंखासारखं चढत जायचं. टोकांना जास्तीचे टाके घालायचा मोह होईल, कारण तुकडा सपाट न राहता दोन्ही कडांनी वर उचलला जाऊन होडीसारखा खोल होतो. त्याला होऊ द्या. टाके 72 च राहिले पाहिजेत.

काम चपटं धरलं की एक लांबट पिशवी दिसेल, खाली बंद, वर उघडी. पिशवीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी होत आली, साधारण 12 सेंटीमीटर, की तिच्या उघड्या कडा ताणून बाजूला करा आणि तळाची सुरुवातीची शिवण मागच्या बाजूला कर्णावर येईल अशी पसरा. उघड्या दोन्ही कडा पुढच्या बाजूला कर्णावर एकमेकींना येऊन भिडतात आणि समोर चौकोन उभा राहतो. कडा ओढून आणाव्या लागत असतील तर अजून एकदोन फेऱ्या घाला. एकमेकींवर चढत असतील तर एखादी उसवा. मग दोरा हातभर ठेवून कापा आणि बोथट सुईने दोन्ही कडा टाक्याला टाका लावून शिवून घ्या. शेवटच्या कोपऱ्यात 12 साखळ्यांचा फास केला की अडकवायची सोय झाली. चौकोन 17 सेंटीमीटरच्या आसपास भरतो, तळव्याला पुरेसा.

हे काम घट्ट विणा. विणलेला तुकडा उजेडासमोर धरल्यावर भोकं चमकत असतील तर सुई अर्ध्या मिमीने लहान घ्या. भोकातून येणारी वाफ बोट भाजते, आणि पॉटहोल्डर भाजतो तो बहुतेक वेळा असा. दुसरं कारण ओलेपणा. उष्णता अडवतो तो दोऱ्यात आणि टाक्यांत कोंडलेला हवेचा थर. तिथे पाणी भरलं की खेळ संपला, कारण पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. ओल्या पॉटहोल्डरने गरम कढई उचलली तर पहिले दोन क्षण काहीच जाणवत नाही आणि मग एकदम चटका बसतो, तेव्हा हातात भरलेली कढई असते. म्हणून पॉटहोल्डर आणि पुसायचं फडकं यांच्या जागा वेगळ्या ठेवा, रंगही वेगळे ठेवा. घरात सगळ्यांना सांगा की निळं पुसायला, लाल धरायला.

ओव्हनमधून ट्रे काढायला किंवा ओतीव लोखंडाच्या भांड्याला हे दुहेरी पॉटहोल्डरही कमी पडू शकतं. दोन एकावर एक ठेवून काठाने शिवा, किंवा मध्ये जुन्या जाड सुती टॉवेलचा तुकडा घाला. आणि गॅसजवळ वापरायच्या कुठल्याही वस्तूला झालर, गोंडे, लोंबणारे फास नकोत. अडकवायचा फास ठेवायचाच तर आखूड. तव्याच्या दांड्यावर चढवायची क्रोशाची टोपी मी मुद्दाम सांगत नाही. ती सैल झाली की दांड्यावर फिरते, आणि भरलेलं भांडं हातात असताना काही फिरायला नको.

टेबलावर गरम पातेलं ठेवायला आसन हवं असेल तर गोल विणा. गोलाचा हिशोब सोपा आहे. मुक्या खांबाच्या गोलाला 6 पासून सुरुवात आणि दर फेरीला 6 टाके वाढ, म्हणजे तेवढ्या ठिकाणी एका टाक्यात दोन टाके. खांबाच्या गोलाला 12 पासून सुरुवात आणि दर फेरीला 12 वाढ. गोल वाटीसारखा वर वळायला लागला तर वाढ कमी पडतेय, काठाला लाटा आल्या तर जास्त होतेय. दोन्ही वेळा पुढे रेटून नीट होत नाही, एक फेरी मागे या. आसनाला दोरा दुहेरी घ्या, दोन गुंड्यांची टोकं एकत्र धरून, आणि सुई 6 किंवा 7 मिमीची.

आता बाथरूम. इथे सगळ्यात उपयोगी आणि लवकर होणारी वस्तू म्हणजे साबणाची पिशवी. वडी पिशवीत घालून तशीच अंगाला घासायची, फेस भरपूर होतो, वडी हातातून निसटत नाही, आणि झिजून उरलेले तुकडेही आत टाकून संपवता येतात. टांगून ठेवल्यामुळे वडी पाण्यात बसून विरघळत नाही, हा वरचा फायदा.

4 मिमी सुई. 15 साखळ्या घाला, दुसऱ्या साखळीपासून 14 मुके खांब, मग फिरवून दुसऱ्या कडेत 14. पॉटहोल्डरसारखीच सुरुवात, एकूण 28, आणि स्लिप स्टिचने, म्हणजे पहिल्या टाक्यात सुई घालून दोरा थेट सुईवरच्या फासातूनही ओढून, फेरी जोडा. आता 4 साखळ्या घाला, त्यातल्या 3 खांबाच्या आणि 1 मधली. खालचा एक टाका सोडून पुढच्यात खांब, एक साखळी, एक सोडून खांब, असं गोल. फेरीच्या शेवटी एक साखळी घालून सुरुवातीच्या 4 पैकी तिसऱ्या साखळीत जोडा. 14 खिडक्या होतील. पुढच्या फेऱ्यांत खांबावर खांब, मध्ये एक साखळी. सात-आठ फेऱ्यांत वडी बुडून वर दोन बोटं उरतात. तेवढं झालं की एक फेरी मुक्या खांबाची घालून काठ बांधून टाका. नाडीला 70 साखळ्यांची दोरी विणा, काठाखालच्या खिडक्यांतून एक आत एक बाहेर अशी ओवा आणि टोकांना एकत्र गाठ मारा. वडी ओली असताना पिशवी ताणते, म्हणून कोरड्या वडीला थोडी घट्ट वाटली तरी चालेल. सैल केली तर आठवड्यात झोळी होते.

घासण्याच्या कामाला नुसतं सूत मऊ पडतं. पाठ घासायचा पट्टा करायचा असेल तर सुती दोऱ्याबरोबर तागाची किंवा सिसलची (घायपाताची) बारीक सुतळी एकत्र धरून विणा. 8 ते 9 सेंटीमीटर रुंद, 60 ते 70 लांब, नुसते मुके खांब, आणि दोन्ही टोकांना मूठ जाईल एवढे साखळ्यांचे फास; त्या फासांवर मुक्या खांबांची एक फेरी घाला, नाहीतर ते ओढून बारीक होतात. मूठ नुसत्या सुताची ठेवा. नाजूक कातडी असेल तर सुतळी वगळा आणि मुका खांब मागच्या ओळीच्या फक्त मागच्या फाशात घालत जा. त्याने आडव्या उंचवट्याच्या रेघा येतात, घासायला तेवढ्या पुरतात. ताग सतत ओला राहिला की कुजतो, म्हणून पट्टा वापरून झाला की बाहेर वाऱ्याला टांगायचा, बाथरूममध्ये नाही.

भांडी घासायच्या घासणीसाठी नायलॉनच्या जाळीच्या पट्ट्या सुती दोऱ्याबरोबर धरतात. भांडी चांगली निघतात, पण जाळीचे बारीक तुकडे झडतात, आणि नॉनस्टिकवर ती घासणी चालवायची नाही. मी स्वतः आता सुतळी-सुताचीच करते.

चेहरा पुसायच्या छोट्या चकत्या, कापसाच्या बोळ्यांऐवजी वापरायला, उरलेल्या सुतातून करा. 4 मिमी सुई, मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोऱ्याचं शेपूट (मोकळं टोक) ओढून आवळता येणाऱ्या फासात, 12 खांब, दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे 24, आणि काठाला एक फेरी मुक्या खांबाची. झाली चकती. मॅजिक रिंगचं शेपूट मात्र रिंगभोवती पूर्ण दोन वेढे फिरवून, उलट दिशेला परत आणून कापा. नुसतं आवळून कापलं तर तिसऱ्या-चौथ्या धुण्यात मध्ये भोक पडतं. भरवसा नसेल तर रिंगऐवजी 4 साखळ्यांचा गोल करून त्यात खांब घाला, मध्ये छोटं भोक राहतं पण उघडत नाही.

एकूणच धुवायच्या वस्तूंमध्ये टोकं लपवणं हे विणण्याइतकंच महत्त्वाचं. गाठ मारून जवळ कापलेलं टोक सुटतंच, सुताची गाठ धुताना ढिली होते. 15 सेंटीमीटर शेपूट ठेवा, बोथट सुईने एका दिशेला चार-पाच टाक्यांतून न्या, एक टाका सोडून उलट दिशेला परत आणा, मग तिसऱ्यांदा आडवं. तीन दिशा झाल्या की ते निघत नाही.

बाथरूमच्या पायपुसण्याबद्दल सगळेच विचारतात. जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून 9-10 मिमी सुईने ते होतं, दिसतंही छान. पण ओलं झालं की जड होतं, पिळता येत नाही, दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि गुळगुळीत फरशीवर घसरतं. करायचंच असेल तर लहान करा, एका हातात पिळता येईल एवढं, आणि खाली रबरी जाळी घातल्याशिवाय वापरू नका. तुमच्या यादीत ते शेवटी ठेवा.

धुण्याचं सांगते. सूत पहिल्या धुण्यात आक्रसतं, 20 सेंटीमीटरच्या फडक्यात एखादा सेंटीमीटर सहज जातो, लांबीत जास्त. ओलं असतानाच हाताने ओढून चौकोन करा आणि सपाट वाळवा. पुढच्या धुण्यांना फार फरक पडत नाही. गडद लाल, निळा, काळा दोरा असेल तर विणायच्या आधी त्याचं टोक भिजवून पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग उतरला तर तो पांढऱ्याबरोबर एका वस्तूत घेऊ नका. व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. आम्लाने पक्के होणारे रंग लोकर-रेशमाचे असतात, सुतावरच्या रंगाला त्याचा उपयोग नाही. फॅब्रिक सॉफ्टनर फडक्यांना लावू नका, तंतूंवर थर बसतो आणि पुन्हा पाणी न टिपण्याची तक्रार सुरू होते. पुसायची फडकी रोज बदला, 60 अंशांच्या पाण्यात सूत निर्धास्त धुता येतं. म्हणूनच एक सुंदर फडकं करण्यापेक्षा साधी सात-आठ करणं बरं.

नमुने वाचताना एक काळजी घ्या. ब्रिटिश आणि अमेरिकी नमुन्यांत तीच नावं वेगळ्या टाक्यांना वापरतात: अमेरिकी सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आणि दोन्ही म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकी डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द कुठेही असेल तर तो नमुना बहुधा अमेरिकी, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्द सहसा येत नाही.

दोरा किती आणायचा: मॉस स्टिचचं 20 सेंटीमीटरचं फडकं 50 ग्रॅमच्या एका गुंड्यात आरामात होतं आणि उरलेल्या सुतात दोनतीन चकत्या निघतात. वॅफलला आणि पॉटहोल्डरला प्रत्येकी एका गुंड्यावर थोडा दुसरा लागेल असं धरा. साबणाच्या पिशवीला अर्धा गुंडा खूप झाला. हात सैल असला की दोरा जास्त जातो, म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडा आधी तोला, दहा ओळी विणल्यावर पुन्हा तोला. किती ग्रॅम गेले ते कळलं की पुढचं गणित तुमचं तुम्हालाच जमेल. आणि त्या ॲक्रिलिकच्या फडक्याला उसवू नका. कोरडी धूळ ते सुतापेक्षा चांगली पकडतं, पंख्याची पाती आणि खिडकीच्या खाचा पुसायला ठेवून द्या.